भाजल्यावरची पहिली वीस मिनिटं पाण्याची

चहाचं आधण हातावर उपडं झालं की घरातली चार माणसं चार दिशांना धावतात. एक जण बर्फ काढायला फ्रिजकडे, दुसरी टूथपेस्ट आणायला, आजी हळदीच्या डब्याकडे आणि कर्ता पुरुष गाडीची किल्ली शोधायला. नळ उघडायला कुणीच जात नाही. त्या घडीचं सगळ्यात गुणकारी औषध नळात असतं, आणि ते फुकट आहे.

नळ न उघडण्यामागे एक जुनी समजूत आहे. ‘भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतात,’ हे सांगली-साताऱ्याकडे घरोघरी ऐकू येतं. काही घरांत तर पोळलेलं बोट परत विस्तवाजवळ धरून शेकायला सांगतात. दोन्ही चुकीचं. उष्णतेनं कातडीचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि मध्ये द्रव साठतो, तो फोड. पाण्याचा थेंब न लावताही तो येणारच असतो. पाणी घातल्यावर तासाभरानं फोड दिसला म्हणून पाण्यावर आळ येतो, एवढंच.

पाणी काय करतं ते एकदा समजलं की ही भीती जाते. गॅस बंद केला तरी कुकरमधला भात काही वेळ शिजतच राहतो, तसंच कातडीचं होतं. गरम भांडं बाजूला झालं तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथंच असते आणि खाली खाली जात राहते. वाहतं पाणी ती काढून घेतं. जखम खोल जायची थांबते, सूज कमी येते, आग शमते आणि पुढे व्रणही कमी राहतो. म्हणून जगभरातले जळीत-तज्ज्ञ एकच आकडा सांगतात: थंड वाहतं पाणी, सलग २० मिनिटं. लगेच जमलं नाही तर भाजल्यापासून ३ तासांपर्यंत केव्हाही घाला, तरी उपयोग होतो. रानात भाजलं आणि वस्तीवर यायला अर्धा तास गेला म्हणून ‘आता काय उपयोग’ असं म्हणू नका.

पहिलं काम: विस्तवापासून माणूस सोडवा

अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर माणूस आपोआप पळत सुटतो, आणि पळाल्यानं ज्वाळा भडकून तोंडाकडे चढतात. त्याला थांबवा, जमिनीवर आडवं पाडा, लोळवा. तोंड हातांनी झाकायला सांगा. हाताशी घोंगडी असेल तर वरून दाबून धरा. माणदेशातली लोकरीची घोंगडी इथं फार कामाची, कारण लोकर सहजासहजी पेटत नाही. जाड सुती सतरंजी किंवा गोधडीही चालते. नायलॉनची साडी, पॉलिएस्टरची चादर आणि हल्लीची मऊ-मऊ ब्लँकेटं मात्र नकोत, ती वितळून अंगाला चिकटतात. पाणी जवळ असेल तर सरळ बादली ओता.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करा आणि वरून मोठं झाकण सरकवा. त्यावर पाणी टाकलं तर तेल उसळून आख्ख्या स्वयंपाकघरात उडतं. पेटती कढई उचलून अंगणात न्यायचा मोहही आवरा, अर्ध्या वाटेत ती हातातून सुटते. गॅसचा वास येत असेल तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या नंबरवर फोन करा.

दुसरं काम: पाणी, आणि पुन्हा पाणी

भाजलेला भाग नळाखाली धरा. धार बारीक असू द्या, जोराच्या धारेनं सुटलेली कातडी निघून येते. घड्याळ लावा, कारण वेदनेत दोन मिनिटंसुद्धा वीस वाटतात आणि माणूस हात काढून घेतो. पाणी साधं, टाकीतलं किंवा माठातलं असावं. बर्फ नको, बर्फाचं पाणीही नको. बर्फानं रक्तवाहिन्या आवळतात, आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त मिळत नाही आणि जखम वाढते. उलट एप्रिलच्या दुपारी पत्र्यावरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहिल्या मिनिटाला चांगलंच कढत येतं. ते आधी जाऊ द्या.

इथवर ऐकल्यावर माण, खटाव, आटपाडी, जतकडची मंडळी विचारणारच: वीस मिनिटं पाणी सोडायचं म्हणजे किती, आणि आणायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. मिनिटाला दोन-तीन लिटरची बारीक धार धरली तर ४० ते ६० लिटर होतं, म्हणजे तीन-चार घागरी. टँकरच्या गावात तेवढंही जड जातं. अशा वेळी हात किंवा पाय भाजला असेल तर तो बादलीत बुडवून ठेवा आणि पाणी कोमट वाटायला लागलं की बदला. पाठ, छाती, मांडी असेल तर स्वच्छ सुती कापड भिजवून ठेवा आणि दर मिनिटाला परत भिजवून लावा. एकदा ओलं फडकं टाकून विसरलात तर तेच कापड गरम होऊन बसतं. तांब्यानं हळूहळू ओतत राहिलं तरी चालतं. पिण्यालायक पाणी असेल तर उत्तम, नसेल तर घरातलं त्यातल्या त्यात स्वच्छ.

थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. महाबळेश्वर, पाटण भागात पौषातल्या पहाटे नळाचं पाणी बोचतं. गार करायचं ते फक्त भाजलेल्या जागेला, बाकीचं अंग पांघरुणात गुंडाळून ऊबदार ठेवायचं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस फार लवकर गारठतं. मूल थरथरायला लागलं, ओठ निळसर दिसले तर पाणी थांबवा, कोरडं करा, ऊब द्या. बरंच अंग भाजलेल्या माणसाला आख्खं हौदात बसवणं तर अजिबात नको.

पाणी चालू असतानाच दुसऱ्या माणसानं अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, घड्याळ, जोडवी, पैंजण, करगोटा काढायचा. हे मी मुद्दाम ‘असतानाच’ म्हणतोय. सूज तासाभरात वाढते, मग अंगठी कापावी लागते आणि तोवर बोटाचं रक्त तटतं. जोडवी आणि मंगळसूत्र काढताना बाया कचरतात. घरातल्या मोठ्या बाईनंच ‘काढ गं, दागिना परत घालता येतो’ म्हटलं की काम सोपं होतं. कपडे ओले किंवा तापलेले असतील तर तेही काढा. लहान मुलाचा डायपर विसरू नका, त्यात गरम पाणी मुरून बसतं. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. त्याच्या बाजूनं कात्रीनं कापा आणि चिकटलेला तुकडा डॉक्टरांवर सोडा.

तिसरं काम: झाका, माखू नका

वीस मिनिटं झाली की जागा हलकेच टिपून सैल झाकायची. धुतलेलं, इस्त्री केलेलं, दोरे न सुटणारं सुती कापड असलं की झालं. जुनं धोतर, सुती साडीचा पदर, स्वच्छ पंचा, काहीही. स्वयंपाकघरात पोळ्या-फळं गुंडाळायची पारदर्शक क्लिंग फिल्म असेल तर ती आणखी बरी, कारण ती जखमेला चिकटत नाही आणि डॉक्टरांना न उघडता आतलं दिसतं. वरचे दोन वेढे टाकून द्या आणि आतली पट्टी जखमेवर नुसती पसरा. हाताभोवती गोल आवळून गुंडाळू नका, सूज आल्यावर फास बसतो. पंजा भाजला असेल तर नवी स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी सैल चढवा. कापूस थेट जखमेवर कधीच नको. त्याचे तंतू चिकटतात आणि पुढे ते एकेक काढताना रुग्णाचे हाल होतात.

आता हळदीचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या माणसाला ‘भाजल्यावर हळद लावू नका’ सांगणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याला नाव ठेवण्यासारखं आहे, तरी सांगावंच लागतं. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती ओल्या जखमेवर खपलीसारखी बसते आणि सगळं पिवळं करून टाकते. जखम किती खोल आहे हे डॉक्टर रंगावरून ठरवतात, तो रंगच झाकला जातो. मग ती खरवडून धुवावी लागते. टूथपेस्टचा गारवा दोन मिनिटांचा, पुढे तिच्यातले घटक झोंबतात. तूप, लोणी, खोबरेल उष्णता आत कोंडतात. शाई, चुलीतली राख, शेण, कॉफीची पूड, अंड्याचा बलक, दही, बटाट्याचा कीस, कांद्याचा रस, या प्रत्येकाला कुणीतरी मामा-मावशी साक्षीदार असते. तो चटका किरकोळ होता आणि काही न लावताही बरा झाला असता, हे साक्षीदाराला माहीत नसतं. कपाटातलं पिवळं मलमसुद्धा पहिल्या तपासणीआधी लावू नका, कारण तेच: रंग झाकतो. कोरफडीचा गर नुसत्या लाल झालेल्या, कातडी न फुटलेल्या जागेवर, पाण्यानंतर लावला तर फारसं बिघडत नाही. पण फोड आलेल्या किंवा उघड्या जखमेवर अंगणातल्या कोरफडीचा प्रयोग नको.

आग आग होत असेल तर पॅरासिटामॉल द्या. मुलांसाठी हिशेब दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, तेव्हा ‘एक चमचा’ असं मोजू नका, लेबल वाचा. मुलांना ॲस्पिरिन नको.

किती भाजलंय ते कसं ओळखायचं

दोन गोष्टी बघायच्या, पसारा आणि खोली. पसाऱ्याचं माप भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातात असतं. बोटांसकट त्याचा तळवा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. दोन वर्षांच्या मुलाला मोजायचं तर त्याचाच चिमुकला तळवा धरायचा, आपला नाही. नुसती लाली या मापात धरत नाहीत. फोड आलेली किंवा कातडी गेलेली जागा तेवढी धरायची.

खोलीच्या बाबतीत मात्र लोक हमखास फसतात. ज्याला फार दुखतं त्याला फार भाजलंय, असं वाटतं. वरवरच्या भाजण्यात कातडी लाल होते आणि चरचरते, दोन-चार दिवसांत बरी होते. मधल्या थरापर्यंत गेलं की फोड येतात, खालची जागा ओली-गुलाबी दिसते आणि प्रचंड आग होते. सगळ्यात खोल भाजतं तेव्हा कातडी पांढरी, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी कडक दिसते आणि तिथं दुखतच नाही, कारण वेदना कळवणाऱ्या नसाच जळून गेलेल्या असतात. ‘बघा, म्हाताऱ्याला काही दुखत पण नाही’ म्हणून घरी ठेवलेले रुग्ण याच जातीचे असतात. न दुखणारी पांढरी जागा म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

फोड फोडू नका. तो आतल्या कोवळ्या थरावरचं झाकण आहे. सांध्यावरचा मोठा, ताणलेला फोड काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

दवाखाना कधी, आणि कसा गाठायचा

मोठ्या माणसाचं १० टक्क्यांहून अधिक, मुलाचं ५ टक्क्यांहून अधिक भाजलं असेल तर थेट रुग्णालय. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग, मोठा सांधा यातलं काही भाजलं असेल किंवा हातापायाला गोल वेढा पडल्यासारखं भाजलं असेल तर आकार लहान असला तरी रुग्णालयच. विजेचा धक्का, रसायन, धुरात कोंडलेला माणूस, गरोदर बाई, तान्हं मूल, साठीच्या पुढचे, मधुमेही, यांच्या बाबतीत घरी बसून वाट बघायची नाही. मधुमेह्याच्या तळपायाला उन्हातल्या फरशीचा किंवा शेकायच्या पिशवीचा चटका बसतो आणि त्याला कळतही नाही. आठवड्यानं जखम चिघळल्यावर कळतं. यात न बसणारं, पण तळव्याहून मोठं, फोड आलेलं काहीही गावातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते सांगा.

आधी पाणी की आधी गाडी? पाटण खोऱ्यातल्या वाडीवरून कराड, जतच्या पूर्वेकडून मिरज, म्हणजे तास-दोन तासांचा प्रवास. इथं माझं मत ठाम आहे: माणूस शुद्धीवर असेल आणि श्वास नीट चालू असेल तर आधी पाणी. १०८ ला फोन लगेच लावा आणि रुग्णवाहिका येईतो वीस मिनिटं पाण्यात घालवा. पाण्याविना दीड तास गाडीत बसलेली जखम वाटेत खोल होत जाते. अपवाद श्वासाचा. आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळलेत, थुंकीत काजळी आहे, तोंड-ओठ सुजतायत, घुसमटतंय, यातलं एक जरी दिसलं तर थांबू नका. आत घशाला सूज येते आणि तासाभरात श्वासाची वाट बंद होऊ शकते. त्याला टेकून बसवून न्या आणि वाटेत ओल्या फडक्यानं गार करत राहा.

१०८ ची सेवा मोफत आहे. फोनवर गाव, वस्तीची खूण, वय, कशानं भाजलं, शुद्धीवर आहे का, एवढं सांगा. रस्ता अवघड असेल तर एक पोरगं फाट्यावर उभं करा. ११२ वरूनही मदत मिळते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कराडात कृष्णा रुग्णालय ही मोठी ठिकाणं. निघण्याआधी फोन करून जळितासाठी खाट आहे का विचारलं तर एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरणं वाचतं. मोठ्या जळितात वाटेत खायला-प्यायला घालू नका. बेशुद्धाच्या तोंडात पाणी तर मुळीच ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

पोलिसांच्या भीतीनं काही घरं रुग्णाला आधी खासगीत लपवून नेतात. जळिताची नोंद पोलिसांकडे जाते हे खरं, पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. आणि भाजलेली सून असेल तर कसं झालं ते तिचं तिला, एकटीला सांगू द्या. खाटेभोवती उभं राहून तिच्या वतीनं उत्तरं देणं हे मदत करणं नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळिताचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या.

गुऱ्हाळ, हळद, मोटर, चुना

हंगामात शिराळा, कराडकडच्या गुऱ्हाळांवर जे भाजतं ते चहाच्या भाजण्यासारखं नसतं. पाणी उकळतं १०० अंशांना. काहिलीतला, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतला, रस गुळाला येतो तेव्हा त्याचं तापमान ११५ ते १२० अंशांच्या घरात असतं, आणि तो कातडीवरून ओघळून जात नाही, चिकटून बसतो. काहिलीतून गार करायच्या वाफ्यात ओततानाचे शिंतोडे तर कोपरापर्यंत येतात. चिकटलेला गूळ नखानं किंवा फडक्यानं ओढून काढला की कातडी त्याच्याबरोबर येते. ओढायचा नाही. वरून पाणी सोडत राहायचं. साखर पाण्यात विरघळते, म्हणजे एकाच पाण्यानं जागा गार होते आणि गूळही सुटतो. म्हणून गुऱ्हाळावर काहिलीच्या हाताशी, विस्तवापासून चार पावलांवर, गार पाण्याचं पिंप आणि तांब्या असायलाच हवा. हात धुवायचं पिंप वेगळं, त्यात मळी पडते. डांबराचं याच्या उलट आहे. ते पाण्यानं गार करा, पण निघणार नाही, आणि काढायला जाऊ नका. रॉकेल-पेट्रोलनं तर नाहीच. दवाखान्यात ते तेलकट औषधानं सोडवतात.

हळद शिजवायच्या वाफेच्या कुकरवर झाकण घाईनं उघडलं की वाफेचा झोत तोंडावर येतो. वाफेचं भाजणं दिसतं त्याहून खोल असतं, आणि ती श्वासाबरोबर आत गेली असेल तर वर सांगितलेली घशाची लक्षणं पुढचे काही तास बघत राहावी लागतात. पाचट पेटवताना वारा फिरला आणि धुरात माणूस सापडला तरी हेच.

मोटारीच्या पेटीवर धक्का बसलेल्याला हात लावू नका. मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला बाजूला ढकला. हे फक्त घरच्या किंवा मोटारीच्या लाइनीला. उसात ११ हजार व्होल्टची तार तुटून पडली असेल तर काठी-बिठी काही चालत नाही. दहा मीटर लांब राहा, इतरांना अडवा, वायरमनला आणि महावितरणच्या १९१२ ला फोन करून लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या. पंपाला ऑटो स्विच असतो हेही विसरू नका. लाइट गेली म्हणून पेटी उघडली आणि तेवढ्यात लाइट आली की मोटर आपोआप चालू होते. रात्रपाळीच्या विजेत हे फार घडतं.

विजेची जखम वरून वाटाण्याएवढी दिसते. वीज आतून स्नायू जाळत जाते आणि हृदयाचा ठोका बिघडवते. माणूस उठून बसला, हसला-बोलला तरी ईसीजी काढायला न्यायचाच. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. दुसरा माणूस १०८ ला फोन करील.

रसायनाला वीस मिनिटं पुरत नाहीत. संडास धुवायचं ॲसिड, ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी अंगावर उडालं तर कपडे काढून किमान अर्धा तास धुवा, आणि धुतलेलं पाणी चांगल्या अंगावरून वाहू देऊ नका. वर लिंबू किंवा खायचा सोडा टाकून ‘मारायला’ जाऊ नका, त्यातून नवी उष्णता तयार होते. कोरडा चुना असेल तर आधी झटकून टाका, मग धो धो पाणी. स्लॅब टाकताना गमबुटात गेलेलं ओलं सिमेंट हेही चुन्यासारखं जाळणारं, ते सावकाश भाजतं आणि संध्याकाळी बूट काढल्यावर कळतं.

तंबाखूच्या चुन्याची पुडी पोरांच्या हातात पडते, दाबताना फुटते आणि चुना थेट डोळ्यात. हा अपघात दिसतो त्याहून फार वाईट, यात दृष्टी जाऊ शकते. डोळा चोळू देऊ नका. डोकं त्याच बाजूला कलतं करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान अर्धा तास तांब्यानं पाणी सोडा. मूल रडेल, ओरडेल, दोघांनी धरा. पापणीआड चुन्याचा खडा दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं टिपून घ्या. मग लगेच डोळ्याचा डॉक्टर. सकाळची वाट बघू नका.

न्हाणीघर

मुलांची मोठी भाजणी दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा बादलीत होतात, हे आपण मानत नाही. बंबातलं कढत पाणी आधी काढून ठेवायचं आणि विसणाला गार पाणी आणायला जायचं, तेवढ्यात मूल आत वाकतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी सोलतं. बादलीत आधी गार, मग गरम, एवढी एक सवय पुरे. हीटरची कांडी लावलेली बादली दाराच्या कडीआड हवी. वरणाचं पातेलं पंगतीत जमिनीवर ठेवताना रांगतं मूल कुठं आहे ते कुणीतरी एकानं बघायचं. सगळ्यांनी बघायचं म्हटलं की कुणीच बघत नाही.

पुढचे दिवस

किरकोळ जखम घरीच बरी होते, पण ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं ते डॉक्टरांना विचारा आणि बदलताना चिकटलेली पट्टी आधी स्वच्छ कोमट पाण्यानं भिजवा. भोवतीची लाली पसरायला लागली, वास किंवा पू आला, ताप आला, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, तर परत जा. लहान मुलाची जखम लहान असली तरी त्याला ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा मरगळ आली तर त्याच रात्री न्या. दोन आठवड्यांत न भरलेली जखम प्लास्टिक सर्जनना दाखवायची, तिथं कातडी बसवावी लागू शकते. पथ्याच्या नावाखाली अंडी, डाळ, दूध बंद करू नका. नवी कातडी त्याच प्रथिनांतून तयार होते.

जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेल लावायला हरकत नाही. त्या वेळी त्याचा उपयोग आहे, दिवसातून दोन-तीनदा हलक्या बोटांनी चोळा, खाजही कमी होते. उन्हात ती जागा वर्षभर तरी झाका, नाहीतर काळे डाग पडतात. बोटं, कोपर, मान, काख भाजली असेल तर व्रण आखडतो आणि सांधा वाकतो. दुखतं म्हणून मूल हात पोटाशी धरून बसतं, आपणही दया येऊन तसंच राहू देतो, आणि दोन महिन्यांनी बोट सरळ होत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून रोजचा व्यायाम सुरू करा. रात्री बोटं सरळ राहतील अशी पट्टी लागते, घट्ट बसणारे खास कपडे लागतात. ते कुठं मिळतील आणि किती महिने घालायचे, हे रुग्णालयातून सुट्टी घेतानाच फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या.